रूबेन काकांची डाळिंबं

रूबेन काकांशी माझी ओळख हातोडीनं झाली. ॲरिझोनात चँडलरला घर घेतलं आणि दोन दारं सोडून कुणी मराठी राहतं असं कळलं, तेव्हा मी हौसेनं भेटायला गेले. दारावर 'थळकर' अशी पाटी, आतून नारळाच्या रसातल्या माशांचा वास, आणि 'या या, आत या' म्हणणाऱ्या हन्ना काकू. नाव जरा वेगळं वाटलं, पण म्हटलं, असेल. आपलीच माणसं. मी सांगलीहून आणलेली पितळी समई त्यांच्या हातात ठेवली. जड, घाटदार, सात वातींची.

काकूंना ती फार आवडली. तेवढ्यात काका आतून आले. उंच, आडवे, पांढऱ्या भुवयांचे, अर्ध्या बाह्यांचा सफारी शर्ट घातलेले. त्यांनी समईकडे बघितलं, बोटानं चोची मोजल्या आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सात? माझ्या घरात सात?"

मला वाटलं, शेजाऱ्यांशी संबंध पहिल्याच दिवशी संपले. काकांनी समई उचलली, तडक गॅरेजमध्ये नेली, ऐरणीवर आडवी घातली आणि हातोडीनं तिची एक चोच ठाण ठाण ठोकून आत चेपली. मग परत आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "आता चालेल. छान आहे. कुठून आणलीस?"

मी काही गरीब गाय नाही. मीही आवाज चढवला. "अहो, काय हे? नको होती तर नको म्हणायचं! माझ्या आईनं दिलीय ती!"

"नको कोण म्हणालं? सहा चालतात. सात चालत नाहीत. बस इथं. काय खाणार?"

हे असं. त्या दिवशी मला कळलं की थळकर बेने इस्राएल आहेत. म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवारतेली असं नाव दिलेलं. घरात मराठी, देवाजवळ हिब्रू, आणि भांडणातही मराठीच. जेरुसलेमच्या त्यांच्या प्राचीन मंदिरात सोन्याचा सात फांद्यांचा दिवा होता. रोमन लोकांनी मंदिर जाळलं आणि तो दिवा लुटून नेला. तेव्हापासून तसा दुसरा दिवा कुणी करायचा नाही, असा त्यांच्यात नियम आहे. तो नियम समईला लागू होत नाही, हे काकूंनी मला नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. पण काका नियम लागू होतो का ते विचारत बसत नसत. ते लागू करून टाकत.

काका धातूंचे इंजिनियर. आयुष्यभर त्यांनी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत एकच काम केलं. बिघडलेल्या चिप्समधलं सोनं परत काढायचं, वितळवायचं, शुद्ध करायचं. रिटायर झाल्यावरही गॅरेजमध्ये छोटी विजेची भट्टी, धातू वितळवायच्या मुशी, सांडश्या असा सगळा संसार मांडलेला. बाहेर ॲरिझोनाचं ऊन जीव घेत असायचं आणि हा माणूस आत भट्टी पेटवून बसायचा. कुणीही बाई घरी आली की तिच्या दागिन्यांकडे बघून म्हणायचे, "सराफानं बावीस कॅरेट सांगितलं असेल. वीस आहे. फसलीस." बायका परत यायच्या नाहीत. शाबाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, शर्टाच्या खिशात पेनसुद्धा ठेवायचे नाहीत, पण त्याच दिवशी माझ्या नवऱ्याशी, विनयशी, राजकारणावर असे भांडायचे की समोरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. कोळंबी त्यांच्या धर्मात वर्ज्य. स्वतः खायची नाही आणि खाणाऱ्याला सुखानं खाऊ द्यायची नाही. विनयनं एकदा त्यांच्यासमोर कोळंबीचं नाव काढलं, तर हातातलं लिंबू त्याच्या छातीवर बसलं.

पण काकांचा खरा संताप एका जागी साठलेला होता. मंदिरातला तो दिवा, सोन्याचं टेबल, चांदीच्या तुताऱ्या, त्याच्याही आधीच्या मंदिरातून नाहीशी झालेली दहा आज्ञांची पेटी, हे सगळं अजून कुठंतरी शाबूत आहे असं कुणी म्हटलं की काका पेटायचे. आणि तसं म्हणणारे लोक खूप असतात हो! कुणी म्हणे रोममधल्या तळघरात आहे, कुणी म्हणे नदीच्या गाळात, कुणी म्हणे आफ्रिकेतल्या डोंगरात. काकांचं उत्तर ठरलेलं.

"वितळलं. पुढे बोला."

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एकदा कुणीतरी एक वक्ते बोलावले. विषय, जगातले हरवलेले खजिने. पोरंबाळं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, मागे फराळाचा वास. वक्त्यांनी पडद्यावर त्या दिव्याचं चित्र दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मित्रांनो, हा दिवा आजही एका गुप्त जागी..."

"वितळलं!" मागून आवाज.

वक्ते हसले. "काका, तशी शक्यता..."

"शक्यता नाही. सोनं आहे ते. हजार-एक डिग्रीला पाणी होतं." काका उठून पुढे आले आणि त्यांनी वक्त्यांच्या हातातला माइक हिसकावला. अगदी मनगट पिरगाळून. आणि मग ते सतरंजीवरच्या पोरांकडे वळले, तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

"ऐका रे. सैनिक आत घुसले. आधी माणसं कापली. पायऱ्यांवरून रक्त असं खाली येत होतं. मग आग लावली. भिंतींवर सोन्याचे पत्रे होते, ते वितळले आणि दगडांच्या फटीत गेले. म्हणून सैनिकांनी दगड न दगड उपटला. आणि लोकांनी पळताना सोन्याची नाणी गिळली होती. ते कळलं, तर पकडलेल्या माणसांची पोटं फाडून नाणी शोधली. जिवंत माणसांची."

"इज दिस फॉर रिअल?" एका पोरानं विचारलं.

"फॉर रिअल," काका म्हणाले. "ज्यांनी पोटं फाडली, ते दिवा जपून ठेवतील? रोमला नेला, मिरवला, कमानीवर कोरून ठेवला. मग रोमवर दुसरे लुटारू आले, ते आफ्रिकेत घेऊन गेले. त्यांच्यावर तिसरे आले. लुटारूंचीही लूट झाली. शेवटी कुणा एका राजाला सैन्याचा पगार भागवायचा होता, त्यानं टाकला भट्टीत. वितळलं. पुढे बोला."

एक छोटी मुलगी रडायला लागली. तिची आई काकांच्या अंगावर धावून आली. वक्ते माइकसाठी परत आले, तर काकांनी त्यांना कोपरानं ढकललं आणि ते चकल्यांच्या ट्रेवर पडले. मंडळानं काकांना वर्षभर बोलावलं नाही. काकूंनी महिनाभर धड जेवायला घातलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी भांडायला गॅरेजमध्ये गेले होते. "काका, पोरांसमोर पोटं फाडता? लाज नाही वाटत?"

"त्या मेल्याला लाज वाटायला हवी. खोटी आशा दाखवतो. पोरी, सोनं हरवत नाही. आकार हरवतो." आणि माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाले, "त्या लुटीनंतर बाजारात इतकं सोनं आलं की भाव कोसळला. रोमन लोकांनी ते कुठं घालवलं? मिरीवर, मलमलीवर. त्यांची जहाजं आमच्या चौलच्या बंदराला लागायची. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, आणि आमचं सोनं मागून आलं. तुझ्या मंगळसूत्रात असेल त्यातलं गुंजभर. सांभाळ."

मी हसले. पण घरी येताना मंगळसूत्र पदराखाली सारलं, हेही खरं.

एवढं कठोर बोलणाऱ्या या माणसाचा जीव मात्र एका गोष्टीत अडकलेला होता. चँडलरच्या आसपास मराठी ज्यूंची मूठभर घरं. त्यांना स्वतःचं सिनेगॉग नाही. म्हणून काकांच्या पुढच्या खोलीतच एक कपाट होतं आणि त्यात त्यांचा तोरा, म्हणजे कातड्यावर हातानं लिहिलेली पवित्र पोथी, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली. त्या दांड्यांच्या टोकांवर चांदीची दोन डाळिंबं बसवलेली. खरोखर डाळिंबाच्या आकाराची, वर मुकुट आणि भोवती बारीक घंटा. काकांच्या गावातलं सिनेगॉग माणसं उरली नाहीत म्हणून बंद झालं, तेव्हा काकांनी ती इकडे आणली होती.

"गावातल्या बायकांनी आपापले तोडे-वाळे दिले, ते वितळवून केलीत," त्यांनी मला एकदा सांगितलं. "माझ्या आईचे तोडे आहेत यात. कुठल्या डाळिंबात ते माहीत नाही. म्हणून मी दोन्ही सारखीच पुसतो."

हे सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. काका हळू बोलले तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

नातीचं, लियाचं, लग्न ठरलं तेव्हा काकांनी मलिदा घातला. बेने इस्राएलांचा हा खास विधी. ताटात पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या, आणि इलियाहू हनाबी या त्यांच्या पैगंबराचा धावा. हे इलियाहू हनाबी अग्नीच्या रथातून स्वर्गात गेले ते अलिबागजवळच्या खडकावरून, घोड्यांच्या टापा अजून तिथं उमटलेल्या आहेत, असं काका ठासून सांगायचे. आणि थळकरांच्या घरचा रिवाज असा की मलिद्याच्या वेळी पुढचं दार सताड उघडं ठेवायचं. इलियाहू हनाबींना दार ढकलायला लागू नये. एरवी काकांच्या दाराला कुलपं, साखळी, कॅमेरा, सगळं होतं. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं दार उघडलं आणि खाली वीट लावली.

रविवारची दुपार. आम्ही सगळ्या बायका नटूनथटून बसलेल्या. काकांनी कौतुकानं डाळिंबं काढून ताटाशेजारी ठेवली होती. प्रार्थना रंगात आली होती आणि दारात सावली पडली. लियाची छोटी मावसबहीण म्हणाली, "इज दॅट इलियाहू?"

ते दोघं होते. तोंडाला फडकी. एकाच्या हातात पिस्तूल.

"गोल्ड! ऑल द गोल्ड! नाऊ!"

आपल्या भारतीयांच्या घरांमध्ये सोनं असतं, हे या लोकांना आता पाठ झालंय. समारंभ हेरून येतात. एकानं लियाच्या हातातल्या बांगड्या ओरबाडल्या, तिचं मनगट सोललं गेलं. माझ्या मंगळसूत्राला हात घालून असा हिसका दिला की मी खुर्चीसकट पडले आणि काळे मणी सगळ्या फरशीवर उडाले. बायका किंचाळत होत्या. आणि काका? काका शांत. मी त्यांना इतकं शांत कधी बघितलं नव्हतं. "द्या. सगळं द्या. कुणी हलू नका," ते मराठीत म्हणाले आणि स्वतःची अंगठी काढून पुढे केली.

मग त्या माणसानं डाळिंबं उचलली.

काकांनी पोह्यांची पितळी परात दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर मारली. तो आवाज मी विसरणार नाही. नाक फुटलं, रक्त उडालं, पोहे, गूळ, पाकळ्या सगळं हवेत. काकांनी परात पुन्हा उगारली, तेवढ्यात दुसऱ्यानं पिस्तुलाची मूठ त्यांच्या डोक्यात घातली. काका खाली पडले, पण पडताना त्यांनी एक डाळिंब पकडलं. उजव्या हातात. सोडेनात. त्या माणसानं बुटाची टाच त्यांच्या हातावर मारली. एकदा. पुन्हा. बोटं मोडताना मला ऐकू आली. काकू त्याच्या पायाला चावल्या, हो, सत्तरीच्या हन्ना काकू! त्यानं त्यांना लाथेनं भिंतीवर फेकलं. अखेर मोडलेल्या हातात धरण्याची ताकद उरली नाही. चेपलेलं डाळिंब घरंगळलं, लुटारूंनी ते उचललं आणि दोघं उघड्या दारातून निघून गेले. वीट जागच्या जागी होती.

हॉस्पिटलमध्ये डिटेक्टिव्ह आला. त्यानं विचारलं, हल्लेखोर तुम्ही ज्यू आहात म्हणून आले होते का. काकांचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, एक डोळा सुजून बंद.

"नो, सर," ते म्हणाले. "दे केम बिकॉज वी आर इंडियन्स. दोन हजार वर्षांत पहिल्यांदा कुणी आम्ही ज्यू म्हणून आलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी नेलं ते आमच्या देवाचंच."

विनय भोळा माणूस. धीर द्यायचा म्हणून बोलून गेला, "काका, तुम्हीच म्हणता ना, वितळलं, पुढे बोला."

काकांनी डाव्या हातानं पाण्याचा जग फेकला. विनय वाकला म्हणून वाचला.

तिथून पुढे माणूस बदलला. ज्यानं जन्मभर लोकांना वितळलं, वितळलं म्हणून झोडपलं, तो आता म्हणायला लागला, "असेल. कुठंतरी असेल. लगेच वितळवत नाहीत. माल साठवतात." कपाटातला तो बोडका तोरा त्यांना बघवेना. "बोडक्या डोक्यानं उभा आहे ग," म्हणायचे, आणि कपाट लावून घ्यायचे. उजव्या हाताची बोटं वाकडीच जुळली. गाडी चालवता येईना. म्हणून रविवार आला की मला हाक. मग मी ड्राइव्ह करायची आणि काका शेजारी काठी घेऊन. फिनिक्सभरची सोनं-चांदी विकत घेणारी दुकानं आम्ही पालथी घातली. गाडीत एसी लावला तरी सीट भाजायची. प्रत्येक दुकानात काका आत शिरताना ताठ असायचे आणि बाहेर येताना माझा खांदा धरायचे. मला त्यांचा इतका राग यायचा आणि इतकी दया यायची की घरी येऊन मी विनयवर ओरडायची.

माझं मंगळसूत्र कुठंच दिसलं नाही. पण उन्हाळा संपत आला तेव्हा, फिनिक्सच्या दक्षिणेला, धुलाईच्या दुकानाला लागून असलेल्या एका गाळ्यात, काचेच्या कपाटात एक डाळिंब होतं. घड्याळं आणि साखळ्यांच्या मधे. मुकुट जागेवर, घंटा जागेवर.

काकांनी काचेला कपाळ टेकवलं. मग दुकानदाराला विचारलं, "द अदर वन?"

दुकानदार आडदांड, हातात जाड ब्रेसलेट. त्यानं खांदे उडवले. दोन आली होती खरी, म्हणाला, पण एक चेपलेलं होतं, कोण घेणार? ते भट्टीत गेलं.

चेपलेलं. म्हणजे काकांनी हातात धरून ठेवलं होतं ते. काकांनी काठी अशी फिरवली की ते अख्खं काचेचं कपाट खाली आलं. दुकानदारानं पिस्तूल काढलं. मी भान विसरून मराठीतच ओरडले, "अहो काका! मरायचंय का तुम्हाला!" काका काचांवरून चालत गेले, डाळिंब उचलून डाव्या बाजूला छातीशी धरलं आणि उजवी बाजू पुढे केली. "शूट. हिअर. नॉट हिअर."

त्या माणसानं काय विचार केला कोण जाणे. पिस्तूल तसंच रोखून त्यानं पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत काका तिथंच उभे, चपलेतून रक्त येतंय, आणि तोंडात अलिबागच्या अस्सल शिव्या. कुठल्या ते मी लिहीत नाही. त्या दुकानदारानं विकत घेतलेला हा माल पोलिसांत नोंदवलाच नव्हता, त्यामुळे अडकला तोच. पण डाळिंब पुरावा म्हणून जप्त झालं आणि काकांच्या हातात परत यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

ते घरी आलं त्या दिवशी सगळे जमले. एकटं डाळिंब टेबलावर. तोऱ्याच्या एका दांडीवर बसवून बघितलं, तर दुसरी दांडी आणखीच उघडी दिसायला लागली. काकू म्हणाल्या, "आमच्यात जुनी झालेली पवित्र वस्तू पुरतात. पुरून टाका." मी म्हटलं, "आमच्यात भंगलेली मूर्ती विसर्जन करतात." कुणी म्हणालं, काचेच्या पेटीत ठेवा, खाली माहिती लिहा. उरलेलं एक वितळवून त्याची दोन नवी करण्याबद्दल काकांनी रब्बीला, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूला, फोनवर विचारलं होतं. रब्बी म्हणाला, पवित्र वस्तू आहे, विचार करून सांगतो. काकांनी फोन आपटला होता.

आणि मग लिया म्हणाली. गुणी पोर, आजोबांवर जीव. "आजोबा, दॅट गाय माइट बी लाइंग. दुसरं वितळवलंच नसेल त्यानं. इट्स आउट देअर समव्हेअर. वी शुड वेट."

खोलीत सगळ्यांचे चेहरे उजळले. हो की, असेलही. कुणी सांगावं. कुणी म्हणालं, ऑनलाइन टाकू. कुणी म्हणालं, माझा एक मित्र लिलावाच्या धंद्यात आहे.

काका सगळ्यांकडे बघत होते. आणि मला त्यांच्या तोंडावर तो समईच्या दिवशीचा लाल रंग चढताना दिसला.

"झालं!" ते गरजले. "सुरू झालं! अरे, मी मेल्यावर हिची पोरं शोधतील, मग त्यांची पोरं. तळघरात आहे म्हणतील, नदीत आहे म्हणतील. आणि हे एकटं इथं वाट बघत बसेल. वर्षभर मी हेच केलं. वेड लागायची पाळी आली मला. नाही! माझ्या घरात नाही!"

डाळिंब उचलून ते गॅरेजकडे निघाले. काकू आडव्या आल्या. "तुमच्या आईचे तोडे आहेत त्यात!"

"असतील! नाहीतर त्यात असतील. कुणाला माहीत!" त्यांनी काकूंना बाजूला सारलं. सारलं म्हणजे ढकललंच. "शुभांगी, चल. मला हात नाही. सांडशी तू धर."

मी गेले. का गेले, आजही सांगता येत नाही. लिया दारावर मुठी मारत होती, काकांनी आतून कडी घातली होती. त्याच ऐरणीवर, जिथं माझी समई ठोकली होती, मी सांडशीत डाळिंब धरलं.

"काका, नको. अहो, अख्खं आहे हो हे."

"म्हणूनच. धर घट्ट. एवढं मुशीत मावायचं नाही."

डाव्या हातानं त्यांनी हातोडी उगारली. पहिला घाव बसला तेव्हा सगळ्या घंटा एकदम वाजल्या. बाहेर लियाच्या मुठी थांबल्या. काका ओठ दाबून रडत होते, आवाज न करता, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. दुसरा घाव बसला तेव्हा थोड्याच वाजल्या. तिसऱ्याला मुकुट तुटून उडाला आणि माझ्या हनुवटीला लागला, ती खूण अजून आहे. त्यानंतर नुसता चपट्या पत्र्याचा आवाज. काका मारतच राहिले. "हे घे. हे घे," म्हणत. कुणाला म्हणत होते, त्या लुटारूंना, रोमन लोकांना, देवाला की स्वतःला, मला माहीत नाही. मी डोळे मिटले नाहीत एवढंच.

भट्टीत ते लोळागोळा होऊन आधी काळं पडलं, मग लाल, मग एकदम पाण्यासारखं चकचकीत झालं. काकांनी वाकून बघितलं.

"वितळलं," ते म्हणाले. पुढे बोला म्हणाले नाहीत.

पुढचे काही आठवडे ते आणि त्यांची वाकडी बोटं. वाळूचे साचे केले, मोडले, पुन्हा केले. एका डाळिंबातून दोन व्हायची, तर दोन्ही लहान होणारच. आवळ्याएवढी झाली. डाळिंबं कुणी सांगितल्याशिवाय ओळखू आली नसती. घंटा वेड्यावाकड्या. लिया आजोबांशी बोलत नव्हती. काकू बोलत होत्या, पण फक्त जेवायला वाढताना. त्यातच काकांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजूही गेली. मला ते साचे आठवतात. शेवटचा त्यांनी दातात चिमटा धरून साफ केला होता.

सिम्हात तोरा हा त्यांचा सण. वर्षभराचं वाचन पुरं होतं आणि तोरा हातात घेऊन फेरे धरतात, गातात, नाचतात. त्या वर्षी मीही गेले. कोपऱ्यात माझी समई, सहा वाती लावलेली, सातवी चोच चेपलेली. काका खुर्चीत, शाल पांघरून, काठी मांडीवर. तोंड जरा वाकडं झालेलं, पण भुवया तशाच. लियानं कपाट उघडलं. तिनं तोरा उचलला आणि तिच्या आजोबांकडे न बघताच फेरा सुरू केला. मोठ्या दांड्यांवर ती दोन लहान गोळकं. बाळाच्या टाळूवर टोपी बसत नाही, तशी हलत होती.

टेंपीहून आलेले एक पाहुणे होते, गोरे, वयस्कर, पहिल्यांदाच आलेले. तोरा जवळ आला तसे ते पुढे झुकले, त्यांनी चष्मा वर केला. लिया थांबली. पाहुण्यांनी काकांना अदबीनं विचारलं, "दीज आर ब्यूटिफुल. हाऊ ओल्ड आर दे?"

ती कधी झाली हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

काकांनी जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत सांगितलं, "टू थाउजंड इयर्स. ॲट लीस्ट."

पाहुणे आदरानं मागे सरले. काकू मराठीत पुटपुटल्या, "देवासमोर तरी खोटं बोलू नका."

"खोटं?" काका म्हणाले. "सिद्ध करून दाखव."

लियाला हसू फुटलं. हसता हसता ती रडायलाच लागली आणि तोरा छातीशी धरून तिथंच उभी राहिली. काकांनी काठी उचलायचा प्रयत्न केला, ती खाली पडली, तशी त्यांनी धड असलेल्या पायानं फरशीवर लाथ हाणली.

"थांबलीस काय! चल! वाजव त्यांना!"

काका मला असे दिसले ते शेवटचे. दिवाळीच्या आत ते गेले. त्या क्षणी लिया तोरा घेऊन पुन्हा चालायला लागली होती आणि काकांनी मान एका बाजूला कलती केली होती. डाळिंबं वाजत होती, बारीक, बेसूर, दोन्ही.